दुसरं बोलावणं

माझी सून नूतन कंपनीचं काम घरी बसून करते. शुक्रवारी तिच्या साहेबाने निरोप धाडला, संध्याकाळपर्यंत प्रोग्राम चालला नाही तर सोमवारपासून रोह्याच्या ऑफिसात येऊन बसायचं. रोह्यात तिचं माहेर. एकदा ती तिकडे राहिली की माझा निलेश मागोमाग जाणार, आणि गागोद्याच्या घरात मी आणि मांजर. म्हणून मोड आलेले वाल सोलायला मी तिच्या खोलीच्या दारातच बसले. मुद्दाम बिघडवते की काय, बघायला नको?

"काय अडलंय गो?"

"लायब्ररी सापडत नाही, आई."

"हरवलीस?"

"नाही हो. दुसऱ्यांनी करून ठेवलेलं तयार काम असतं ते. माझ्याच फोल्डरात आहे. पण तुकडे जोडणारा लिंकर ठरलेल्या जागीच शोधतो, आणि तिथे काही ठेवायची कंपनीची परवानगी नाही."

"वस्तू घरात हाय आणि सापडत नाय! कोणाला सांगतेस?"

"त्याला रस्ता दाखवतेय ना." तिने काहीतरी टाइप केलं. "जोडलं बघा!"

मग प्रोग्राम चालवला. पुन्हा तेच, लायब्ररी सापडत नाही.

"रस्ता दाखवलास ना? व्हय गो, माहेरची बॅग भरूनच ठेवली असशील."

तिने कपाळाला हात लावला. "जोडताना सांगितलं, आई. चालवताना शोधणारा वेगळा. त्याला परत सांगायचं राहिलं."

"तुमच्या रोह्याची रीतच ती. एकदा सांगितलं की झालं!"

निलेशच्या लग्नापासून गिळलेलं सगळं तिच्यासमोर तोंडातून निघालंच. आमच्यात पत्रिका दिली तरी पंगतीच्या वेळी घरचं माणूस परत बोलवायला येतं. तोवर मानाचा माणूस उठत नाही. मी नवऱ्या मुलाची आई, हॉलमागच्या खोलीत बसून राहिले. तिचे वडील, दामोदर मास्तर, शिकलेला माणूस. पत्रिका दिलीय, येतील, असं समजून बसला. मी उपाशी परतले.

नूतन खुर्चीतून माझ्याकडे वळली. "आम्हाला तर तेव्हा कळलं, तुमचं पोट बिघडलंय म्हणून जेवत नाही."

"कोण म्हणालं?"

"निलेश."

माझ्या हातातला वाल टुणकन उडाला.

तिने आणखी एक ओळ टाकली. या वेळी प्रोग्राम चालला. साहेबाला फोन करून म्हणाली, "झालं सर. सोमवारी येत नाही." मी तिचं तोंड नीट निरखलं. उतरलं नव्हतं. तरी म्हटलं, बघू.

सांजेला आतून हाक आली, "आई, जेवायला चला."

मी पडवीतून हलले नाही.

जरा वेळाने ती पदराला हात पुसत बाहेर आली, समोर उभी राहिली. "आई, परत बोलवायला आलेय. चला."

"येते," मी म्हटलं. "आधी त्या निलेशला माझ्या समोरच्या पाटावर बसव. माझं पोट कधी बिघडलं होतं, विचारायचंय."