रविवार मोजत नाहीत

सॅमीच्या छातीत घरघर सुरू झाली तेव्हा तो आठ महिन्यांचा होता. डॉक्टरांनी आधी त्याची छाती तपासली, मग नाक वर करून माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. जॅक्सनच्या शर्टाचा वास तोवर सगळ्या खोलीला कळला होता.

"सिगारेट बंद करा," डॉक्टर म्हणाले. "पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड होईल, उदास वाटेल. तीन-चार आठवडे तग धरलात तर आधीपेक्षा शांत व्हाल."

जॅक्सनने राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, निवडला. आमच्या निर्मळ गावात उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत कोणी मटण सोडतं, कोणी दारू. हा कपाळावर राख घेऊन चर्चमधून आला आणि खिशातलं सिगारेटचं पाकीट सरळ चुलीत टाकलं. सासूबाई, म्हणजे मम्मी, इतक्या भारावल्या की त्यांची भाजी करपली.

मी मात्र लक्ष ठेवून होते. सॅमीचं दूध, शी, झोप, रडणं लिहायचं एक अ‍ॅप माझ्या फोनवर होतं. त्यात 'दुसरं बाळ जोडा' असं बटण होतं. मी जॅक्सनला जोडलं.

गुरुवारी तो मिक्सरशी भांडला. शुक्रवारी चार मिनिटं रडला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'केळीचा घड एकाच बाजूने पिकला.' शनिवारी वालीवच्या वर्कशॉपमध्ये शेजारच्या लेथवाल्याने 'कसा आहेस?' विचारलं, तर हा म्हणाला, "तुला काय करायचंय?" आणि रविवारी चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेहून आल्यावर सॅमीला खांद्यावर घेऊन अंगणभर नाचला.

"मिस्सेची कृपा," मम्मी म्हणाल्या.

सोमवारी कृपा संपली. मंगळवारी मी सॅमीचं नाक साफ करत असताना तो दारात येऊन म्हणाला, "प्रीतल, मी मेलो तर तू रडशील का?"

"थांब, आधी शेंबूड काढू दे."

त्यावर तो दोन तास अंगणात रुसून बसला.

दुसरा आठवडा गेला, तिसरा गेला. शांत होणं दूरच, हा दर आठवड्याला नव्याने वेडा होत होता. सॅमीची घरघर थांबली होती आणि बापाची सुरू झाली होती. चौथ्या गुरुवारी त्याने रांगणाऱ्या सॅमीवर आवाज चढवला, मग त्याच्यासमोर मांडी घालून माफी मागत बसला. सॅमीने त्याचं नाक धरून ओढलं. मला हसू यायला हवं होतं. मी मात्र स्वयंपाकघरात उभी राहून विचार करत होते की बाळाला धूर वाईट की असा बाप वाईट. 'ओढ रे बाबा एक' हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

शनिवारी मी अ‍ॅपमधला आलेख उघडला. सॅमीचा आलेख वेडावाकडा होता. जॅक्सनचा मात्र करवतीसारखा नेमका होता. दर रविवारी आनंद, दर सोमवारी दरी.

उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी मिस्सा संपली तशी मी सॅमीला मम्मींकडे दिलं आणि चर्चच्या मागे गेले. स्कूटरींच्या रांगेत जॅक्सन उभा होता, ओठांत सिगारेट. त्याचा मित्र ज्युलियस काडीपेटीवर काडी ओढत होता.

मला वाटलं, दचकेल. तो हसला.

"आज रविवार आहे. चाळीस दिवसांत रविवार मोजत नाहीत. फादरांना विचार."

विचारायची गरज नव्हती. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत सेहेचाळीस दिवस होतात, सहा रविवार वगळले की चाळीस. देवाच्या हिशोबात तो बिनचूक होता.

मी फोन त्याच्या नाकासमोर धरला. "पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट, असं डॉक्टर म्हणाले होते ना? ते तू आतापर्यंत चार वेळा काढलेस. ही पेटवलीस की उद्यापासून पाचव्यांदा."

ज्युलियसने काडी विझवली. "चार वेळा सोडली ह्याने? मला एकदा जमेना!"

जॅक्सन मात्र हसला नाही. स्कूटरवर टेकून आलेख बघत राहिला. "'दुसरं बाळ' कोण?"

"तू."

"हं." मग हळूच म्हणाला, "मला वाटलं, मी मुळात असाच आहे. चिडका, रडका. सिगारेट होती म्हणून माणसात होतो. ईस्टरनंतर परत सुरू करणार होतो, प्रीतल. तुमच्यासाठीच."

त्याने ती सिगारेट ज्युलियसच्या खिशात खोचली.

तो रविवार भयंकर गेला. दुपारभर हा वाडीत केळीची सुकलेली पानं कापत होता. काही हिरवीही गेली. मम्मी खिडकीतून बघत होत्या. मी रात्री उशाशी सॅमीचा रुमाल ठेवला, जॅक्सनच्या डोळ्यांसाठी.

सोमवारी सकाळी चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि दोन पावलं मागे सरले. त्याने घोट घेतला. कपाळाला आठी पडली.

"साखर कुठे आहे ह्यात?" तो म्हणाला.

मी त्याच्या कपातला घोट घेऊन पाहिला. खरंच नव्हती.