बसथांब्यावरचे रक्तदाबयंत्र

मी एक जुने रक्तदाबयंत्र आहे, मित्रांनो. गोल तबकडी, तिच्यात एक काटा, दंडाला गुंडाळायचा निळा पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा पसारा. कारखान्यातून निघाले ते थेट काळेवाडीच्या एका दवाखान्यात आले. पहिली काही वर्षे डॉक्टर माझे फार कौतुक करत. पुढे बॅटरीवरचे नवे यंत्र आले आणि मी कपाटात गेले. खरे सांगायचे तर त्याआधीही माझ्याकडे मोजकीच माणसे येत. दवाखाना दहाला उघडायचा, सहाला बंद व्हायचा. ज्यांना माझी गरज, ती माणसे त्या वेळी चाकणच्या कंपन्यांत असत.

परिचारिका आम्रपालीताईंना हे डाचत होते. एके दिवशी त्यांनी मला बाहेर काढले, माझा विरलेला पट्टा बदलला आणि सकाळी सहाला कंपनीच्या बसथांब्यावर मला घेऊन त्या बसू लागल्या.

तिथेच दौलतराव भेटले. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. बरे वाटू लागले तशा त्यांनी गोळ्या सोडल्या. दर महिन्याला दवाखान्यासाठी रजा मागायचा त्यांना संकोच वाटे. ते रोज लांबच उभे राहत. एका सोमवारी ताईंनी फारच आग्रह केला, तेव्हा त्यांनी हात पुढे केला. माझा काटा एकशे नव्वदलाच थरथरू लागला. ताईंनी पुन्हा मोजले. तेवढेच. दोन दिवस छाती जड वाटतेय, हे तेव्हा कुठे त्यांच्या तोंडून निघाले.

इतक्यात बस आली. ते उठले.

"ताई, खाडा पडंल माझा."

"पडू द्या, काका. आज मी तुम्हाला बसमध्ये चढू देणार नाही."

बस निघून गेली. ताईंनी त्यांना रिक्षाने रुग्णालयात नेले. हृदयाची एक रक्तवाहिनी पुन्हा बंद होत आली होती. उपचार वेळेवर झाले, दौलतराव वाचले. मग ताईंनी डॉक्टरांना गळ घातली. आता दवाखाना रविवारी सकाळीही उघडतो.

यंदा खंडेनवमीला, कंपनीत मशीनची पूजा असते त्या दिवशी, दौलतरावांच्या पत्नी दुर्गाबाई थांब्यावर आल्या. त्यांनी मला हळदकुंकू लावले, झेंडूचे फूल वाहिले.

"आमच्या घरचं मशीन ह्येच हाय," त्या म्हणाल्या.

मी भरून पावले. पण मित्रांनो, मी नुसता आकडा सांगते. त्या आकड्यासाठी वाट अडवून उभे राहायला आम्रपालीताईंसारखे माणूसच लागते. तुमच्या घरात कोणाला झटका येऊन गेला असेल, तर आज त्यांच्याजवळ बसा आणि गोळ्या चालू आहेत ना, एवढे विचारा. त्यांनी विषय टाळला, तर पुन्हा विचारा.