चोरून आणलेली ब्राह्मी

मागून आणलेलं औषधी रोप लागत नाही, चोरून आणलेलंच लागतं, असं बोरगाव मेघेतल्या बायका म्हणतात. चार बायका म्हणतात त्यात काहीतरी तथ्य असणारच, अशी देवकाबाईंची समजूत. म्हणून शेजारची तानाबाई वारल्यावर तिचं घर बंद पडलं, तेव्हा एका दुपारी त्यांनी कुंपणातून हात घालून ब्राह्मीच्या चार वेली ओढून आणल्या.

आणल्या नवऱ्यासाठी. ओमप्रकाश पुलगावच्या मिलमध्ये फिटर होते. डोळे झाकून यंत्र जोडणारा हा माणूस आता चहा प्यालो की नाही तेही विसरायचा. ते एकवेळ चाललं असतं. पण चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोलाच ते "बाई, तुमी कोन?" असं विचारायला लागले, तेव्हा देवकाबाईंच्या काळजाचं पाणी झालं. नवऱ्यानं पुन्हा एकदा आपल्याला नावानं हाक मारावी, एवढंच त्यांना हवं होतं.

घरामागे जांभळाखाली कायमची सावली. तिथं गवतसुद्धा धरत नव्हतं. देवकाबाईंनी माती भुसभुशीत केली, शेणखत घातलं, वेली आडव्या अंथरून पेरापेरावर चिमूट चिमूट माती दाबली आणि ओल मोडू दिली नाही. महिन्याभरात जमीन दिसेनाशी झाली. रोज सकाळी मूठभर पानांची चटणी ओमप्रकाशांच्या ताटात पडू लागली.

गुण आला, पण भलताच.

"माह्या मशीनचा पट्टा तुटला," एक दिवस जेवता जेवता ते म्हणाले. "दोन ब्लाउज शिवाचे राह्यले. बाया बोंबलतीन आता."

त्यांनी जन्मात सुई हातात धरली नव्हती. ब्लाउज शिवायची ती तानाबाई. देवकाबाईंची पोळी तव्यावरच करपली.

समोरच्या आनंदाबाईला त्यांनी तानाबाईबद्दल सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, "एकटी होती ना बिचारी. रोज दुपारी त्या ब्राह्मीपाशी बसून मनातलं सारं सांगत राहे. शेवटी शेवटी तं तिले सोताचं दारबी ओळखू येत नव्हतं."

दुसरी कोणी असती तर तिनं त्याच दिवशी ब्राह्मी उपटून फेकली असती. पण गरजवंताला अक्कल नसते. वेल ऐकलेलं जपून ठेवते आणि खाणाऱ्याला देते, एवढंच देवकाबाईंनी त्यातून उचललं. तानाबाईनं 'मी' म्हणून सांगितलेलं ओमप्रकाशांना 'मी' म्हणूनच पोचलं, तर आपण नवराच बोलतोय असं 'मी' म्हणत सांगावं.

त्या जांभळाखाली बसू लागल्या. "आष्टीच्या बाजारात मी तिले हिरव्या बांगड्या घेतल्या," त्या हळूच म्हणाल्या. "मापापेक्षा मोठ्या निघाल्या. तिनं तशाच जपून ठेवल्या." वारा पडलेला होता, तरी पानं त्यांच्याकडे कलली. उठताना पाहतात तर एक वेल चपलेवरून गेलेली, आणि तिनं अंगठ्यापाशी मूळ धरलेलं.

तिसऱ्या दिवशी ओमप्रकाश हसले. "मोठ्या बांगड्या घेतल्या होत्या मी तिले, आष्टीले!" देवकाबाईंनी पदरात तोंड लपवून रडून घेतलं. मग त्या रोज सांगू लागल्या. लग्नाच्या वऱ्हाडाची वाटेत मोडलेली बस, पहिली संत्री, मुलीचा जन्म. ओमप्रकाशांचा चेहरा उजळत गेला.

एकदा पेटी आवरताना हिरव्या बांगड्या सापडल्या. देवकाबाईंनी त्या आनंदाबाईच्या हातात ठेवल्या. "कोनाच्या आहेत कोन जाणे. तुमीच घाला."

"अवं, आष्टीच्या आहेत ना ह्या? तुमीच तं शंभरदा सांगितलं मले!"

देवकाबाईंनी आठवून पाहिलं. आष्टीच्या जागी काहीच नव्हतं. बस नव्हती, संत्री नव्हती. तानाबाईला ओळखू न येणारं तिचं दार त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

दोन दिवस त्या मागच्या अंगणात फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ओमप्रकाश ओट्यावर बसून रडत होते. "सारं याद येऊन राह्यलं, बाई. फक्त तिचं नाव येत नाई. कुठं गेली ती? तुमी पाह्यली काय तिले?"

नाव देवकाबाईंनी सांगितलंच नव्हतं. सगळीकडे नुसतं 'तिले' आणि 'तिनं'. स्वतःचं नाव बाई कशाला घेते?

त्यांनी पदरानं नवऱ्याचे डोळे पुसले. मग चप्पल काढून जांभळाखाली गेल्या, ओल्या पानांवर ओठ टेकतील इतक्या वाकल्या आणि म्हणाल्या, "तिचं नाव देवका. ते म्हंजे ही समोरची बाई. हिलेच हाक मारजो."

दुसऱ्या दिवशी चटणी झाली, जेवण झालं. दुपारी ओट्यावरून एक म्हातारा आनंदानं हाका मारू लागला, "देवका! अवं देवका!"

जांभळाखाली पानं खुडत बसलेल्या बाईनं मान वर केली. तिनं कुंपणापलीकडे पाहिलं, मागे वळून पाहिलं. केवढ्या मायेनं बोलावतोय बिचारा, आणि ओ कोणीच देईना. तिला त्याचं फार वाईट वाटलं.