करणारीचे हात

आमच्या घरात त्याचं नाव घेत नाहीत, 'ते' म्हणतात. "ते आणलंय, खालच्या कप्प्यात ठेवलंय," असं माझा नवरा गोमटेश म्हणाला की समजायचं, त्यानं कॅम्पातल्या कोल्ड स्टोरेजच्या दुकानातनं बेकनचं पाकीट आणलंय. डुकराच्या पोटाचं मांस, मीठ लावून धुरी दिलेलं, पातळ पट्ट्या कापलेलं. दिसायला गुलाबी-पांढरं, हाताला गार आणि बुळबुळीत. मी चिकोडीकडच्या जैनाची लेक आणि निपाणीच्या जैनाची सून. वांग्यात अळी निघाली तर माझी आई तिला पानावर घेऊन परड्यात सोडून यायची. आणि तिची ही पोरगी बेळगावातल्या फ्लॅटमध्ये नाकाला रुमाल बांधून डुकराच्या पट्ट्या तळते. शी!

एक आधीच सांगते, माझं भांडण खाणाऱ्यांशी न्हाय. आमच्या खालच्या मजल्यावर राहतात ते उघड खातात, त्यांच्या नाताळाला आमच्यासाठी वेगळ्या भांड्यात केलेला केक आठवणीनं वर पाठवतात. वास आला तर मी खिडकी लावून घेते, विषय संपला. माझं भांडण माझ्या नवऱ्याशी.

सुरुवात झाली ती ओमकार साहेबांपासनं. गोमटेशच्या कारखान्यातले मोठे साहेब, चार वर्षं परदेशात राहून आलेले. त्यांना घरी बोलवायचं होतं आणि त्यांना म्हणे दारूबरोबर बेकनच लागतं. हॉटेलातनं आण म्हटलं तर गोमटेश म्हणाला, घरचं केलेलं वेगळं असतं, माणूस जवळ येतो. आणि स्वतः कर म्हटलं तर काय म्हणाला माहीत आहे? "मला कच्च्याला हात लावायला जमत न्हाय गं, किळस येते." म्हणजे त्याला किळस येते म्हणून मी हात लावायचा. खातो मी, पाप माझं, तू फक्त करतीस, असंही वर म्हणाला. एकदाच, एवढ्या वेळीच, असं म्हणून मी केलं. 'एकदाच'वर विश्वास ठेवणाऱ्या बाईइतकी येडी बाई जगात न्हाय.

मोबाईलवर बघून बघून शिकले. खजुराची बी काढायची, त्यात काजू घालायचा, वरनं ती पट्टी गुंडाळायची आणि काडी टोचायची. हे पार्टीचं. साहेबांनी ताट पुसून खाल्लं आणि वहिनी, तुमच्या हाताला चव आहे म्हणाले. मला मोरीत जाऊन उलटी झाली. मग मशरूमला गुंडाळून झालं, पनीरला गुंडाळून झालं. माझ्या पनीरला! तव्यावर टाकलं की ते आकसतं, त्याच्या कडा कुरळ्या होतात आणि चरबी अशी उडते की माझ्या मनगटावर अजून डाग आहेत. मीठ बरोबर आहे का ते मला कळायचा प्रश्नच नव्हता. चाखायला तो यायचा. गरम तुकडा चिमटीत धरून, फू फू करत तोंडात टाकायचा आणि बोटं चाटायचा. तेल हनुवटीवरनं ओघळायचं. लग्नात ह्याच माणसाला घास भरवताना मी लाजले होते.

पुढं साहेब नसले तरी लागायला लागलं. गार हवा पडली की बटाट्याचं घट्ट सूप आणि वर त्याचा चुरा. रविवारी पास्ता. एकदा म्हणाला, झुणक्यात घालून बघ, आपल्या मातीतलं होईल. झुणक्यात! उरलेली चरबी वाटीत काढून ठेवायला लावायची, ती गार झाली की मेणासारखी पांढरी व्हायची, आणि सकाळी म्हणायचा, उप्पिटाचा रवा त्यात भाज, वाया कशाला घालवायचं. मी वेगळी कढई ठेवली, वेगळा झारा, वेगळी घासणी. त्यानं काय होतंय? वास भांड्यात राहत न्हाय, तो केसात राहतो, पडद्यात राहतो, फ्रीजमधल्या दुधाच्या सायीला लागतो. जेवायला बसले की माझ्याच बोटांचा वास मला यायचा आणि घास फिरायचा.

आणि हाच माणूस निपाणीला गेला की काय असतो ते बघा. पांढरं धोतर, पांढरा दुपट्टा, कपाळाला गंध, बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, सगळ्यांच्या पुढं. सूर्य मावळला की पाणीसुद्धा घेत न्हाय. लोक आत्तींना म्हणतात, पोरगं असावं तर असं. वरून कीर्तन, आतून तमाशा, दुसरं काय.

आत्ती म्हणजे माझी सासू, राजमती. मामंजी गेल्यापासनं निपाणीच्या घरात एकटीच राहते. तिची एकच इच्छा होती, आपल्या दारात महाराजांचा आहार व्हावा. यंदा चातुर्मासाला एक वयस्क मुनिमहाराज निपाणीत होते. ते दिवसातनं एकदाच, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत घेतात. सकाळी बाहेर पडताना मनात एक खूण धरतात, कुणाला सांगत न्हाईत. ती खूण ज्या दारात दिसंल तिथंच थांबतात. म्हणून सगळी घरं पहाटेपासनं तयारी करतात, आडाचं पाणी गाळून सोवळ्यानं स्वयंपाक करतात आणि कलश, नारळ घेऊन दारात उभी राहतात. आत्ती रोज उभी राहायची. महाराज रोज पुढं जायचे.

गल्लीतल्या सगळ्यांच्या दारात आहार झाला, हिच्या दारात न्हाय. आत्तीनं काय करावं? तिनं ठरवलं, खोट आपल्यातच आहे. आधी साखर सोडली, मग दूध, मग तूप, मग मीठ. फोनवर हसत सांगायची, आज अमुक सोडलं गं अनू. मी फोन ठेवायचे आणि तव्यावरची पट्टी उलटायचे. इकडं पोरगं चरबीनं तुकतुकीत व्हायला लागलं होतं आणि तिकडं आई वाळत होती.

मग शेजारच्या जयाबाईंनी आत्तीला सुचवलं, तुमच्या दारात जोडा उभा नसतो, एकटीच असता, मुलाला आणि सुनेला उभं करा, कदाचित तीच खूण असंल. आत्तीचा लगेच फोन. रविवारी या. शनिवारी संध्याकाळी आमच्याकडं ओमकार साहेब होते. सगळं झालं, खजूर झाले, सूप झालं, ताटात शेवटची उरलेली पट्टी गोमटेशनं पाहुणे गेल्यावर उभ्या उभ्या खाल्ली.

सकाळी गाडी काकतीच्या पुढं गेल्यावर मी बोलले. म्हटलं, तुम्ही दारात उभं राहू नका, मी पण राहणार न्हाय, काहीतरी कारण सांगू. तिथं नुसतं हात जोडून भागत न्हाय. मन शुद्ध आहे, वचन शुद्ध आहे, काया शुद्ध आहे, आहारजल शुद्ध आहे, असं तोंडानं म्हणावं लागतं, तेव्हा महाराज ओंजळ पुढं करतात. कालच्या तोंडानं हे म्हणणार तुम्ही?

तो हसला. गाडी चालवत, एक हात खिडकीत टाकून हसला.

"पोटात काय आहे ते महाराजांना थोडंच दिसतंय? आंघोळ केली, दात घासले. आणि आईचं मन मोडू नको, आधीच ती अशक्त झालीय."

तव्यावरच्या चरबीची मला कधी आली नसंल इतकी किळस मला त्या हसण्याची आली. करून करून भागला आणि देवपूजेला लागला म्हणतात, पण हा भागलेलासुद्धा नव्हता. परत जाताना कॅम्पातनं पाकीट घ्यायचं हे त्याच्या डोक्यात होतंच.

आत्तीला बघितलं तर ओळखू येईना. ब्लाऊज खांद्यावरनं उतरत होतं, गालफडं बसली होती. तरी आडातनं पाणी ती स्वतःच ओढत होती, मला दोराला हात लावू देईना. दुसरी घागर वर आली आणि ती तशीच आडाच्या कट्ट्यावर बसली. डोळ्यापुढं अंधारी आली म्हणाली. मी पदरानं वारा घातला.

"आज पण थांबले न्हाईत तर उद्यापास्नं अन्नच सोडून बघते," ती म्हणाली. "माझ्यातच कायतरी लई मोठी खोट असंल गं अनू. आठवत न्हाय मला, पण असणार."

माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात मागं गोमटेश येऊन उभा राहिला, धोतर नेसून, ओल्या केसांनी, आणि त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी तोंड मिटलं. आत्तीनं उठून त्याच्या तोंडावरनं हात फिरवला. माझं सोनं ते, म्हणाली.

दारात रांगोळी घातली होती. आम्ही तिघं उभे राहिलो. गोमटेशच्या हातात कलश, माझ्या हातात नारळ, मधे आत्ती. गल्लीच्या तोंडाशी गलका झाला, महाराज आले. पहिल्या दारातनं 'नमोस्तु, नमोस्तु' ऐकू आलं, मग दुसऱ्या दारातनं. गोमटेशनं घसा खाकरला आणि माझ्या नाकाला त्याच्या अंगाचा वास आला. साबण, चंदन, आणि खाली तो धुराचा वास. त्याच्या अंगाचा होता की माझ्याच हाताचा, देवाला ठाऊक. मी नारळ खाली ठेवला.

"आत्ती, शुद्ध आहे म्हणू नका," मी म्हटलं. "ह्यांनी काल रात्री डुकराचं मांस खाल्लंय. लई दिवसांपासनं खातायत. मीच करून घालते. खोट तुमच्यात न्हाय, आमच्यात आहे."

आत्तीनं माझ्याकडं बघितलंच न्हाय. पोराकडं बघितलं.

"व्हय रं?"

"आई, ते नंतर बोलू," गोमटेश म्हणाला. "महाराज आले."

न्हाय म्हणाला असता तर तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला असता. पण तो नंतर बोलू म्हणाला आणि ते तिला पुरलं.

आणि महाराज थांबले. खोटं सांगत न्हाय, त्याच दिवशी, आमच्याच दारात थांबले. आता फक्त बोलवायचं, इथं या, इथं थांबा, आहारजल शुद्ध आहे, एवढं म्हणायचं. जयाबाई पलीकडच्या दारातनं खुणा करत होत्या, बोला, बोला. गोमटेशनं तोंड उघडलं, तसा आत्तीनं त्याच्या हातातला कलश काढून घेतला आणि जमिनीवर ठेवला. मग ती पायरीवर गुडघे टेकून बसली, डोकं जमिनीला लावलं आणि काही म्हणाली न्हाय. एक शब्द न्हाय. महाराजांनी हात वर करून आशीर्वाद दिला आणि ते पुढं गेले. पुढच्या गल्लीत कुणाच्यातरी दारात आहार झाला.

मला वाटलं, आता ती त्याच्या मुस्काटात देईल. तिनं दार लावलं, आत गेली, महाराजांसाठी केलेलं सगळं समोर घेतलं आणि पाटावर बसली. पोळी, तूप, दूध, मीठ घातलेली आमटी, जे जे सोडलं होतं ते सगळं. गोमटेश दाराशी उभा राहून सांगत होता, साहेबांमुळं खावं लागतं, तिकडं सगळेच खातात, आजकाल कोण पाळतंय. ती जेवत होती. लई दिवसांनी जेवणाऱ्या माणसासारखी, घास मोठे मोठे घेत. डोळ्यातनं पाणी चाललं होतं, ते पुसत नव्हती.

मला बरं वाटलं. खरं सांगते, मला जिंकल्यासारखं वाटलं. मी पुढं झाले आणि तिच्या ताटात अजून एक पोळी वाढायला गेले. तिनं ताटावर आडवा हात धरला.

"तुझ्या हातचं नको."

मी तशीच वाकलेली राहिले. म्हटलं, आत्ती, मी कधी तोंडात घातलं न्हाय हो, वास आला तरी मला उलटी होते.

"पाठशाळेत काय शिकलीस?" ती म्हणाली. "करणं, करवून घेणं आणि केलेल्याला बरं म्हणणं, तिन्हीचं पाप सारखं. त्यानं जिभेसाठी खाल्लं. तुला तर किळस येत हुती. किळस येत हुती तरी केलंस." तिनं माझ्या हातांकडं बघितलं, आणि मी त्या पाकिटाकडं जसं बघते तसंच बघितलं.

गोमटेश दुपारी गाडी घेऊन एकटाच गेला. मी राहिले. राहा असं ती म्हणाली न्हाय आणि जा असंही म्हणाली न्हाय. मी झाडायची, तर ती माझ्या मागनं परत झाडायची. मी पाणी भरून ठेवायची, तर ती स्वतःची घागर वेगळी ओढून आणायची. मी केलेली भाकरी मीच खायची. राग आला होता, लई राग आला होता, पण कुणावर काढणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

पुढच्या शनिवारी गोमटेशचा फोन आला. आत्ती समोर सुपात ज्वारी घेऊन निवडत बसली होती. साहेब येणार आहेत, आईचा राग गेला असंल आता, तू संध्याकाळपर्यंत ये, मी ते आणून ठेवलंय, असं म्हणाला. मी म्हटलं, आणलंय तर पाकीट फोडा. पट्टी हातात घ्या, दोन्ही हातांनी नीट गुंडाळा, काडी टोचा आणि तळा. उलटी आली तर मोरी जवळच आहे. मी करणार न्हाय, आज न्हाय आणि कधीच न्हाय. तो काहीतरी बोलत होता, मी फोन बंद केला.

आत्तीनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं न बघता आत गेली, परातीत पीठ काढलं आणि परात माझ्यापुढं सरकवली.

"मळ," म्हणाली. "दोघींपुरतं."

मी परड्यात जाऊन हात धुतले. राखेनं धुतले, लिंबानं धुतले, परत नाकाशी नेऊन बघितले. मला अजून वास येत होता. मी पीठ मळलं.