चौसष्ट अंगठे

गेम पारखण्याची स्नेहलची एक रीत होती. रिव्ह्यूबरोबर लोक देतात ते वर-खाली अंगठे ती मोजत नसे. अंगठा देणारा किती तास खेळलाय, ते आधी बघे. राहायला केडगावात, नोकरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात. दिवसभर पंपाच्या सुट्या भागांना गेज लावून माल पास-नापास करायचा, आणि सुट्टीच्या दिवशी तीच नजर कॉम्प्युटरवरच्या गेमांना लावायची. तीन वर्षांत तिनं दोनशेच्या वर रिव्ह्यू लिहिले होते. तिचं वाचून गेम घेणारी माणसं होती, आणि हे तिला ठाऊक होतं.

त्यामुळे बेलापूरचा मामेभाऊ ओम याच्या गेमचं पान उघडताच तिला पाणी कुठं मुरतंय ते कळलं. गेमचं नाव 'डबल ट्रॉली'. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ट्रॅक्टरमागं जोडायच्या, साखर कारखान्यापर्यंत न्यायच्या आणि तिथं रिव्हर्स घेऊन लावायच्या. गेम अजून पुरा झाला नव्हता. अर्ली ॲक्सेसमध्ये होता, म्हणजे घेणाऱ्यानं कच्चाच विकत घ्यायचा, खेळायचा आणि कुठं चुकतंय ते सांगायचं. पानावर चौसष्ट रिव्ह्यू होते. सगळे अंगठे वर. सगळे एकाच रविवारचे. आणि खेळलेला वेळ प्रत्येकाचा सहा-सात मिनिटं.

"लई भारी ओमदादा." "बेलापूरची शान." "एक नंबर."

खाली कुणीतरी विचारलं होतं, "इथं गावाबाहेरचं कुणी आहे का?"

तिनं ओमला फोन लावला. "हे कुणी केलं?"

"आप्पांनी," ओमनं वडिलांचं नाव घेतलं. "ओसरीवर दोन कॉम्प्युटर मांडले आणि सोसायटीच्या मतदानासारखी रांग लावली. गेम घ्यायचा, पाच मिनिटं खेळायचं, अंगठा द्यायचा, चहा प्यायचा."

"बाहेरच्यांनी किती घेतला?"

"अकरा दिवसांत तिघांनी." ओमचा आवाज उतरला. "ताई, दसऱ्यापर्यंत परकी माणसं आली नाहीत तर गेम बंद करून पुण्याची नोकरी परत धरीन, असा शब्द दिलाय आप्पांना. तू लिही ना. तुला लोक मानतात."

"खेळून झालं की लिहिते."

तीन आठवडे ती खेळली. दोन ट्रॉल्या मागं घेताना स्टिअरिंग जरा उशिरा सोडलं की मागची ट्रॉली मुडपते, ते ओमनं असं पकडलं होतं, की खुर्चीत बसल्या बसल्या तिची मान मागं वळायची. उतारावर मात्र सगळा कारभार फसायचा. ब्रेक दाबला की पंधरा टन ऊस सायकल थांबावी तसा थांबायचा. शिवाय लांबच्या खेपेत सेव्ह केलेला खेळ उडून जायचा.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी आप्पासाहेबांचा फोन आला. "पोरी, तुझा अंगठा राह्यलाय."

"मामा, माझा खाली जाणार आहे."

"भावाच्या लग्नात आहेर करायचा सोडून जेवनाला नावं ठेवतीस व्हय?"

"आहेर चौसष्ट आलेत, मामा. स्वयंपाक कसा झालाय ते एकानंही सांगितलेलं नाही."

"तुझ्या आईलाच सांगतो."

"सांगा. तिलाही खेळायला बसवा."

त्याच दिवशी तिनं अंगठा खाली करून लिहिलं: "बनवणारा माझा मामेभाऊ आहे, हे आधी सांगते. एक्केचाळीस तास खेळले. इतका खरा रिव्हर्स मी कुठल्याच गेममध्ये पाहिलेला नाही. उतारावर मालाला वजन नाही आणि लांबच्या खेपेत सेव्ह उडतो. दोन्ही दुरुस्त होईपर्यंत शिफारस करणार नाही. झाले की अंगठा फिरवीन."

दोन दिवस ओमचा फोन नाही. स्नेहलनं काळजी केली नाही. कारखान्यातही माल नापास झालेला कारागीर दोन दिवस तोंड फिरवतो, आणि तिसऱ्या दिवशी ड्रॉइंग घेऊन समोर उभा राहतो.

तिसऱ्या दिवशी ओमचा फोन आला. "ताई, परवापासून एकोणीस जणांनी घेतला. सगळे परके. एकानं लिहिलंय, नापास केलेल्या गेममध्ये ही बाई एक्केचाळीस तास काय करत होती, ते बघायला घेतला."

"उताराचं काय?"

"सेव्हचं जमेल, पण उताराला अडलंय. रिकाम्या ट्रॉल्या मागं घ्यायला मी शिकलो, पण भरलेल्या मला कुणी हातात दिल्याच नाहीत. उताराला त्या काय करतात, मला माहीत नाही."

"गावात कुणाला माहीत असेल?"

"बन्सीनानांना. वीस वर्षं कारखान्यावर ऊस वाहतात. त्यांचाही अंगठा वरच आहे. सात मिनिटं."

रविवारी स्नेहल बेलापुरात पोचली तेव्हा बन्सीनाना ओसरीवर कॉम्प्युटरसमोर बसले होते. त्यांनी ट्रॅक्टर उतारावर घातला, ब्रेक दाबला आणि हसले. "हे खोटं हाय."

"मग त्या दिवशी का नाही बोललात?" ओमनं विचारलं.

"चहा पिलो हुतो की तुमचा. पिल्यावर काय बोलायचं?"

मग त्यांनी दोन्ही हात पुढं धरून दाखवलं. "भरल्या ट्रॉल्या उताराला मागनं रेटत्यात. एकदम ब्रेक मारला की ट्रॅक्टरचं तोंड फिरतं. आदी बारका गिअर टाकायचा, मग ब्रेक दमादमानं." ओम भराभर लिहून घेत होता.

"नाना, मग अंगठा खाली करणार का?" स्नेहलनं विचारलं.

दारात उभे आप्पासाहेब कळवळले. "आता गावातनंबी खाली?"

"करू द्या, आप्पा," ओम मान वर न करता म्हणाला. "आणि बाकीच्या त्रेसष्टांना सांगा, खेळायचं तर नीट खेळा, न्हाईतर अंगठा काढून घ्या."

आप्पासाहेबांनी खुंटीवरची टोपी घेतली. उंबऱ्यावर ते थबकले. "आन् पुन्याच्या नोकरीचं काय कळवायचं?"

"नाही म्हणून कळवा," ओम म्हणाला, आणि त्यानं खुर्ची बन्सीनानांच्या शेजारी ओढली. "नाना, परत एकदा वरनं सोडा. सावकाश."