साहेबांच्या मिशा आणि ठकीचा आरसा

मी एक जुना आरसा आहे, तळहातावर मावेल एवढा. मित्रांनो, मला तोंड बघायला घेतलेलं नव्हतं. मूल बोलत असताना नाकाखाली आडवं धरायचं आणि काचेवर वाफ येते का ते पाहायचं, एवढ्याचसाठी वाचा-उपचारांच्या खोलीत माझी नेमणूक झाली. पण तिथल्या साहेबांनी वर्षभर माझ्यात पाहून फक्त मिशा विंचरल्या. अक्कलच तेवढी!

त्यांच्यासमोर सहा वर्षांची ठकी बसायची. तिची टाळू जन्मतः दुभंगलेली, तान्हेपणीच शिवलेली. तरी बोलणं नाकातून यायचं. 'प' आणि 'ब' तर ओठांवरच विरायचे. साहेबांचा इलाज एकच: फुगे.

"फुगव! अजून जोरात! आळशी आहे हो नुसती," असं ते तिच्या बाबांना सांगायचे आणि बाबा नंदीबैलासारखी मान डोलवायचे. फुगवून फुगवून पोरीचे डोळे पांढरे व्हायचे, बोलणं तसूभरही सुधारलं नाही. शेवटी शाळेत तिने तोंड उघडणंच सोडलं. मला त्या फुग्यांची किळस यायची, आणि त्यांच्याहून टम्म फुगलेल्या साहेबांची जास्त.

साहेब लांबच्या रजेवर गेले आणि त्यांच्या जागी नव्या बाई आल्या. त्यांनी मला चिकटलेले केस पुसले आणि ठकीच्या नाकाखाली धरलं.

"म्हण बाळा, 'बाबा, टोपी द्या.'"

ती पुटपुटली. शब्दागणिक माझ्यावर वाफ धरली.

"बघितलंत?" बाई बाबांना म्हणाल्या. "या शब्दांना नाकातून हवा यायलाच नको. टाळू आखूड पडत असणार, मागे घशाला टेकत नाही. सर्जन आतून बघून ठरवतील. बहुतेक पुन्हा ऑपरेशन, मग बोलण्याचा सराव."

"मग फुगे?"

"वाढदिवसाला ठेवा."

"मी हिला वर्षभर आळशी म्हणत आलो हो," बाबा म्हणाले. मला त्यांची अजिबात दया आली नाही.

ऑपरेशन झालं, मग आठ महिने सराव. एका दुपारी ठकीने तेच वाक्य म्हटलं आणि मी कोरडा राहिलो. बाबांना रडू फुटलं. तेवढ्यात रजेवरून परतलेले साहेब दारातून डोकावले. "बघा, फुगे शेवटी कामी आलेच!"

मित्रांनो, अडखळणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्याआधी माझ्यासारखा एखादा आरसा पुसून घ्या, एवढंच माझं मागणं.

ठकीने मात्र मला उचललं आणि साहेबांच्या तोंडासमोर धरलं.

"बघा साहेब," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "मिशी वाकडी आहे."