उजव्या हाताची शाळा

अर्धांगाच्या झटक्यानं उजवा हात लुळा पडल्यापासून कृष्णकांत सरांना दुपारी एकच स्वप्न पडे. आपल्याच डोक्यात कपाशीचं वावर पसरलंय, मधली पायवाट पुरात वाहून गेलीय, आणि पांढऱ्या धोतरातली माणसं बांधाबांधानं नवी वाट शोधत फिरताहेत. ती कधी पोचत नसत. जाग आली की हात उशीवर परक्यासारखा पडलेला असे.

सर वर्ध्याच्या कॉलेजात मेंदूचं शास्त्र शिकवत. साल एकोणीसशे पंचावन्न. मेंदूचा तेवढा भाग मेला, आता आशा सोडा, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. सर कसले सोडतात. मेंदू नवी वाट काढतो, असं ते वर्षानुवर्षं सांगत आले होते. आता ते त्यांच्याच हातावर ठरायचं होतं. उजव्याला कामाला लावायला चांगला डावा हात त्यांनी लुगड्याच्या पट्टीनं कमरेशी बांधून घेतला होता. तरी उजवा धड काही उचलेना. पोरांसमोर पुन्हा कोणत्या तोंडानं उभं राहायचं, या धास्तीनं त्यांचा जीव अर्धा झाला होता.

विद्यार्थी आता ओसरीवरच शिकायला येत. एकदा शरयूनं विचारलं, "सर, मेलेल्या पेशी परत येतात?"

"नाही. शेजारच्या पेशी त्यांचं काम शिकतात. पण गरज पडल्याशिवाय कोण शिकतं?"

पोरं हसली. सरांची नजर मात्र उजव्या हातावर गेली. आपल्या हाताला गरज पडलीच कुठे होती? रोज बोटं भातात जरा चाचपडली की भागीरथाबाई, त्यांची आई, घास कालवून तोंडाशी नेत. आणि एवढे विद्वान सर शास्त्र गुंडाळून ठेवून मुकाट तोंड उघडत.

त्या दिवशी त्यांनी तोंड फिरवलं. "आई, आता भरवू नको."

"काऊन? माया हातचं गोड नाई लागत?"

"तू भरवलं तं याले शिकाले भेटत नाई. उपाशी राहू दे मले."

"पोटच्या पोराले उपाशी ठेवू? असं कोणतं शास्त्र हाय तुयं?"

म्हातारीचे डोळे भरले. पण ती उठली नाही. हात आपसूक पुढे जातील म्हणून दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

कितीतरी दुपारी भात ताटाबाहेरच सांडला. रात्री डावा सोडून वाटीभर पेज पिऊन सर निजत. लेक जेवल्याशिवाय आई जेवत नसे, त्यामुळे दोघंही वाळत चालली.

मग एका दुपारी, सर अर्धवट गुंगीत ताटावर बसले असताना, बोटं एकमेकांजवळ आली. घास झाला. हात कापत कापत वर निघाला. सरांनी श्वास धरून समोर पाहिलं. आईचे हात मांडीखालीच होते, पण तान्ह्याला भरवताना उघडतं तसं तिचं तोंड उघडं पडलं होतं. तिला त्याचं भानही नव्हतं.

घास सरांच्या ओठांपर्यंत आला आणि तिथून वळला. निम्मा भात वाटेत सांडला. उरलेला त्यांनी आईला भरवला.